बायोप्सीची दुसरी बाटली

ओटीपोटात उजवीकडे कळ, संध्याकाळी अंग तापणं, दोन महिन्यांत उतरलेलं वजन आणि सोनोग्राफीत लहान आतड्याचं शेवटचं टोक जाडसर. खानापूर, हुक्केरी किंवा अथणीकडून असा पेशंट बेळगावला आला की डॉक्टरांच्या मनात आधी दोन नावं येतात: आतड्याचा टीबी आणि क्रोहन. पहिला जंतूमुळे होतो आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. दुसऱ्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच आतड्यावर उलटते, आणि तो आजार काबूत ठेवावा लागतो, समूळ जात नाही. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर कधीकधी पेशंट हातचा जातो. या पेचात आता जनुकांचा रिपोर्ट शिरला आहे. जांभळ्या बुचाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात, नमुना मोठ्या शहरात जातो, काही आठवड्यांनी रंगीत कागद येतो. त्यावर क्रोहनशी जोडलेल्या जनुकापुढे ‘नॉड-२ : बदल आढळला नाही’ अशी ओळ दिसली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. चला, क्रोहन नाही.

त्या ओळीचा तसा अर्थ होत नाही. सीमाभागातल्या मोठ्या माणसांच्या पोटदुखीसाठी हा रिपोर्ट सध्या मागवू नये. तो पैसा आणि ती घाई बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांच्या, दुसऱ्या बाटलीपाशी दाखवावी, असं आमचं मत आहे. म्हणून जनुकांची तपासणी हेच थोतांड, असं मात्र कुणी समजू नये. दोन ठिकाणी ती ह्याच जिल्ह्यात आज हवी आहे, आणि नेमकी तिथेच ती फारशी कुणी मागत नाही.

आधी हे जनुक करतं काय ते पाहू. नॉड-२ सोळाव्या गुणसूत्रावर असतं. त्यावरून बनणारं प्रथिन पांढऱ्या पेशींच्या आत आणि लहान आतड्याच्या खोबणींतल्या पॅनेथ पेशींमध्ये पहाऱ्यावर असतं. जंतूंच्या भिंतीचा एक बारीकसा तुकडा, म्युरामिल डायपेप्टाइड, पेशीत आला की हे प्रथिन त्याला ओळखतं आणि पुढे रिप-२ नावाच्या प्रथिनाला जागं करतं. मग सूज आणणारे संदेश सुटतात, जंतू गिळून पचवण्याची पेशीची यंत्रणा हलते, पॅनेथ पेशी जंतुनाशक प्रथिनं सोडतात. ही जन्मजात प्रतिकारशक्ती. लस घेऊन किंवा एकदा आजारी पडून येते ती वेगळी. टीबी आणि कुष्ठरोग ह्यांचे जंतू एकाच कुळातले. त्यांच्या भिंतीतला हा तुकडा थोड्या वेगळ्या घडणीचा असतो आणि नॉड-२ ला तो जास्तच झोंबतो. म्हणून हे जनुक एका टोकाला आतड्याच्या सुजेशी आणि दुसऱ्या टोकाला आपल्या भागातल्या दोन जुन्या रोगांशी बांधलेलं आहे.

२००१ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिलं, की युरोपीय वंशाच्या क्रोहनच्या रुग्णांमध्ये नॉड-२ मधले तीन ठरावीक बदल जास्त सापडतात. त्यांतल्या एका बदलात जनुकात एकच जास्तीचं अक्षर घुसतं आणि १०४० अमिनो आम्लांचं प्रथिन १००७ वर तुटतं. शेपटाकडची फक्त ३३ जातात, पण जंतूचा तुकडा ओळखणारा भाग तिकडेच असल्याने पहारेकरी आंधळा होतो. असा बदल एका पालकाकडून आला तर क्रोहनचा धोका दुप्पट ते चौपट होतो, दोघांकडून आला तर १५ ते ४० पट. हे आकडे ऐकून घाबरायला होतं, पण ते ज्या मूळ धोक्याच्या पटीत आहेत तो मुळातच फार लहान आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या असूनही क्रोहन न झालेली माणसंच जास्त.

गंमत पुढे आहे. ह्याच जनुकाच्या मधल्या भागात वेगळा बदल झाला तर पहारेकरी आंधळा होण्याऐवजी विनाकारण ओरडत राहतो. त्यातून ब्लाऊ सिंड्रोम होतो: लहान वयात अंगावर पुरळ, सुजलेले सांधे, डोळ्यांच्या आत दाह. आतडं बहुधा सुटतं. आणि २००९ मध्ये चीनमधल्या कुष्ठरुग्णांच्या मोठ्या अभ्यासात रोगाशी जोडलेल्या जागा सापडल्या, त्यांत नॉड-२ होतं, रिप-२ होतं, आणि यादीतली आणखी काही नावं क्रोहनच्याही यादीतली होती. तिथला धोका मात्र साधारण दीडपटीच्या आसपास, आणि तिथले बदल क्रोहनच्या त्या तीन बदलांहून वेगळे. तेव्हा ‘चांगलं जनुक’, ‘वाईट जनुक’ ही भाषा इथे चालत नाही. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून काढे आणि पावडरी विकणाऱ्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं. ब्लाऊच्या मुलाची प्रतिकारशक्ती वाढलेलीच असते, आणि त्याची दृष्टी त्यापायीच जाऊ शकते.

आता आपल्याकडचा प्रश्न. ते तीन बदल चिनी, जपानी, कोरियन माणसांत जवळजवळ नाहीतच, आणि भारतीयांतही फार क्वचित सापडतात. तरी क्रोहन आपल्याकडे होतो आणि त्याचं निदान वाढतंय. म्हणजे इथल्या क्रोहनच्या पेशंटचाही नॉड-२ रिपोर्ट बहुतेक वेळा कोराच येणार आणि टीबीच्या पेशंटचाही कोराच. दोघांनाही सारखंच उत्तर देणारी तपासणी दोघांना वेगळं कसं काढणार? शेजारच्या गावच्या मतदारयादीत आपलं नाव शोधून ‘मला मत नाही’ म्हणण्यातला हा प्रकार. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं, की निगेटिव्ह आल्याने आजार नाकारता येत नाही. ते इंग्रजीत असतं आणि घरी नेऊन वाचणारा कुणी नसतो.

मग निदान कशाने होतं? दुर्बीण, तुकडा आणि धीर. गाडी अडते ती बहुतेक वेळा तुकड्यापाशी. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून घातलेल्या दुर्बिणीत, आडवे, आतड्याला वेढा घालणारे व्रण आणि लहान-मोठ्या आतड्यांमधली आ वासून राहिलेली झडप दिसली तर कल टीबीकडे. उभे लांबट व्रण, मध्येमध्ये निरोगी पट्टे, गुदद्वाराजवळ भगंदर असेल तर क्रोहनकडे. पण नुसत्या डोळ्यांवर कुणी पैज लावू नये. व्रणाच्या कडेचे आणि तळाचे मिळून किमान आठ तुकडे हवेत. निम्मे १० टक्के फॉर्मलिनमध्ये, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. निम्मे साध्या नॉर्मल सलाईनमध्ये, टीबीच्या सीबीनॅटसाठी (जंतूचा डीएनए शोधणं) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघणं). ही ती दुसरी बाटली. अनेकदा ती नसतेच. सगळे तुकडे सवयीने एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत पडतात. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर काय उगवणार? जंतूचा डीएनएही तुटतो, त्यामुळे सीबीनॅटचाही भरवसा राहत नाही. पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात येतं, पण तोवर पेशंट गावी गेलेला असतो, आणि पुन्हा जुलाबाचं औषध पिऊन दुर्बीण घालून घ्यायला तो राजी होत नाही. झालेल्या खर्चानंतर त्याला बोलही लावता येत नाही.

सलाईन तुकडे बुडतील इतकंच घालायचं. बाटलीभर घातलं तर नमुना पातळ होतो, आणि कापसावर नुसता ठेवला तर वाळून जातो. लेबलवर नाव, तारीख आणि ‘सलाईन – टीबीसाठी’ असं ठळक लिहायचं. त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचणार नसेल तर बर्फाच्या डब्यात, २ ते ८ अंशांवर, पण गोठवायचं नाही. आतड्याच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात, म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी गेला असं धरत नाहीत. कल्चरची वाट सहा आठवडे बघावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मध्ये सडलेले ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे पुंजके) टीबीचे. लहान, सुटे ग्रॅन्युलोमा क्रोहनचे. सीटी स्कॅनमध्ये आत सडलेल्या गाठी दिसल्या तर पारडं जोराने टीबीकडे झुकतं. छातीचा एक्स-रे विसरू नये. स्वस्त तपासणी म्हणून तो राहून जातो.

आणखी एक घोटाळा दुर्बिणीच्या आधीच झालेला असतो. जुलाब, ताप म्हटलं की गावात लेव्होफ्लॉक्सासिन किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादी गोळी आठ-दहा दिवस दिली जाते. ती टीबीच्या जंतूवरही थोडं काम करते. रोग दबतो, कल्चर निगेटिव्ह येतं, निदान महिनाभर पुढे जातं. म्हणून आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगावं.

तरीही काहींच्या बाबतीत ठरतच नाही. अशा वेळी आपल्या देशात टीबीची औषधं सुरू करून बघण्याची रीत आहे: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. रीत चुकीची नाही, तिची उजळणी होत नाही ही चूक. क्रोहनच्या पेशंटलाही ह्या औषधांवर काही आठवडे बरं वाटू शकतं. भूक लागते, वजन किलोभर वाढतं, आणि ‘गुण आला’ म्हणून फाईल बंद होते. खरी परीक्षा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहण्यात आहे. टीबीचे व्रण तोवर बहुतेक भरतात. क्रोहनचे तसेच राहतात, आणि सहा महिने वाया गेले की आतडं अरुंद होऊन ऑपरेशनच्या टेबलापर्यंत प्रकरण जातं. औषध चालू असताना उलट्या, भूक मेल्यासारखं होणं, डोळे पिवळे होणं ह्यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. यकृत धुमसत असतं.

उलटी चूक जास्त भयानक. क्रोहन समजून स्टेरॉइड सुरू केलं आणि निघाला टीबी, तर आठवडाभर पेशंट टवटवीत दिसतो आणि मग रोग अंगभर पसरतो. सूज रोखणाऱ्या नव्या इंजेक्शनांचं तर विचारूच नका. इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं टीएनएफ हा संदेश बंद करतात. हाच संदेश टीबीच्या झोपलेल्या जंतूंभोवतीची तटबंदी बांधून ठेवत असतो; तो गेला की तट ढासळतो. २००१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नॉड-२ क्रोहनशी जोडलं गेलं त्याच वर्षी, इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि जग सावध झालं. आता ह्या औषधांच्या स्वस्त देशी आवृत्त्या निघाल्या आहेत, सांधेदुखी आणि सोरायसिसलाही ती दिली जातात. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी एक्स-रे, मँटू (कातडीत टोचून) किंवा आयग्रा (रक्तातून) ही झोपलेल्या टीबीची तपासणी आणि घरात कुणाला टीबी होता का ही चौकशी, एवढं झालंच पाहिजे. मँटू ४८ ते ७२ तासांत वाचायची; अशा पेशंटमध्ये ५ मिलिमीटर फुगवटाही पॉझिटिव्ह धरतात. रोज १५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर चालू असेल तर मँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती स्टेरॉइडच्या आधी करायची. झोपलेला टीबी निघाला तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून निदान तीन-चार आठवडे गेल्यावरच इंजेक्शन. ह्यातलं काहीही जनुकाच्या रिपोर्टने टळत नाही.

निपाणी पट्ट्याबद्दल एक सांगायला हवं. तंबाखू आणि बिडी हा तिथला रोजगार आहे, त्यावर टीका करणं सोपं. पण धूम्रपानाने क्रोहन चिघळतो आणि टीबीचाही धोका वाढतो, हे इथल्या पेशंटला नॉड-२ च्या आधी सांगण्यासारखं आहे. बिडी सोडायला रक्त तपासावं लागत नाही.

आता ती दोन ठिकाणं. पहिलं, अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. क्रोहनमध्ये आणि इतर अनेक दाहक रोगांत वापरतात, स्वस्त आहे, वर्षानुवर्षं चालतं. काही पेशंटचे मात्र पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच केस गळतात, पांढऱ्या पेशी धाडकन खाली येतात, तोंड येतं, ताप चढतो आणि थेट अतिदक्षता विभाग. युरोपात ह्यामागे टीपीएमटी नावाचं जनुक सापडलं आणि आपल्याकडच्या जनुकतपासणीच्या यादीतही तेच आलं. भारतीयांमध्ये त्याचे बदल कमी. आपल्याकडचा मोठा दोषी एनयूडीटी-१५ हे दुसरं जनुक, ज्याची ओळख २०१४ मध्ये कोरियातल्या रुग्णांमुळे पटली. भारतात साधारण दहात एखाद्याकडे त्याची एक तरी बदललेली प्रत असते. एक प्रत बदललेली असेल तर डोस कमी ठेवायचा, दोन्ही असतील तर हे औषध टाळायचं. आयुष्यात एकदाच करायची ही तपासणी, आणि तिचं उत्तर थेट गोळीच्या संख्येत उतरतं. टीपीएमटी नॉर्मल म्हणून पूर्ण डोस दिला आणि पेशी कोसळल्या, ही नॉड-२ चीच गोष्ट दुसऱ्या नावाने. तपासणी परवडत नसेल तर लहान डोसने सुरुवात करून पहिले दोन महिने दर एक-दोन आठवड्यांनी सीबीसी करावी. तेवढं तालुक्याच्या गावातही होतं.

दुसरं ठिकाण नाजूक आहे. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रात मामा-भाचीचं आणि आते-मामे भावंडांचं लग्न नवं नाही. ह्यावर नाक मुरडण्याचा इथे हेतू नाही, फक्त हिशेब मांडायचा आहे. मामा-भाचीच्या अपत्यात सरासरी दर आठ जनुकांमागे एकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. आते-मामे भावंडांच्या अपत्यात सोळामागे एकाच्या. घराण्यात एखादा दुर्मीळ दोष लपलेला असेल तर तो अशा मुलात उघडा पडण्याची शक्यता वाढते. आणि अशा मुलांतले दोष नॉड-२ सारखे नुसता धोका वाढवणारे नसतात, एकटेच मूल आजारी पाडायला पुरेसे असतात. जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजी लसीची जागा महिनोनमहिने वाहते, काखेत गाठी येऊन फुटतात, रोग अंगात पसरतो: आयएल-१२ किंवा इंटरफेरॉन गॅमा ह्या संरक्षणाच्या संदेशांच्या वाटेतला दोष शोधायला हवा. वर्षाच्या आतल्या बाळाला रक्ताचे जुलाब आणि गुदद्वाराजवळ फोडांवर फोड: सूज आवरणारा आयएल-१० हा संदेश घेणारं प्रथिन बिघडलेलं असू शकतं, आणि त्यावर इन्फ्लिक्सिमॅबपेक्षा अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा खरा उपाय. वारंवार गळू आणि यकृतात पू होत असेल तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजसाठी (ह्यात पांढऱ्या पेशींना गिळलेले जंतू मारता येत नाहीत) आधी डीएचआर ही साधी रक्ततपासणी. अशा बाळाच्या जनुकांवर हजारो रुपये खर्च झाले तरी ते वसूल होतात, कारण पुढचं भावंड जन्मेल तेव्हा बीसीजी टोचायची की तपासणी होईपर्यंत थांबायचं, हे त्यावरून ठरतं. ‘दृष्ट लागली’ म्हणत आणि दर महिन्याला अँटिबायोटिक बदलत अशी बाळं हातची जातात.

कुष्ठरोगाशी नॉड-२ जोडलं गेल्याने एक जुनं भूत मात्र परत येऊ पाहतंय. १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनमध्ये हॅन्सनने कुष्ठाचा जंतू पाहिला, तेव्हा त्याचे सासरे डॅनिएल्सन हा रोग आनुवंशिक आहे असं मानणाऱ्यांतले अग्रणी होते. जावयाने सासऱ्याला खोडून काढलं. आता कुणी म्हणेल, बघा, जनुक निघालंच की! नाही. दीडपट धोका म्हणजे आनुवंशिक रोग नव्हे. सुमारे ९५ टक्के माणसांना हा जंतू अंगात येऊनही रोग होत नाही. जंतूच नसेल तर जनुक काहीही असो, कुष्ठ होत नाही. आणि झालाच तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या औषधांनी तो बरा होतो. घरातल्यांसाठी रिफाम्पिसिनचा एक डोस देण्याची सोयही आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून २०१९ मध्ये काढलं गेलं. ते लग्नाच्या बोलणीत ‘जनुकाचा रिपोर्ट दाखवा’ म्हणून मागच्या दाराने आत येऊ नये. चट्ट्यावर सुन्नपणा आहे का हे डोळे मिटायला लावून बॉलपेनच्या टोकाने पाहता येतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

हा प्रश्न सार्वजनिक का, तर सीमाभागातला पेशंट दोन राज्यांत वाटला गेलेला असतो. निपाणीचा कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमेवरच्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाने आक्षेप घेतला, आणि चर्चा हद्दीवर अडकली. पेशंटच्या बाजूने विचारायचं ते वेगळंच: एका राज्यात काढलेले तुकडे दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरला बघायला मिळतात का? बहुधा नाही, कारण पेशंटच्या हातात फक्त रिपोर्टचा कागद असतो. पॅथॉलॉजीतून तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचा मागून घेता येतात. ते घेऊन गेलं तर पुन्हा दुर्बीण टळू शकते. निक्षय ह्या सरकारी टीबी नोंदणीचा क्रमांक देशभर एकच, तो मोबाईलमध्ये लिहून ठेवावा, म्हणजे गोळ्या आणि पोषण आहाराचे पैसे हद्दीपाशी तुटत नाहीत.

आणि भाषा. जनुकतपासणीचं संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतं. सही मात्र मराठी घरातल्या सासूबाईंची, किंवा अंगठा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी संमती माणसाला कळणाऱ्या भाषेतच घ्यायची असते. उरलेलं रक्त ठेवणार का, कुणाला देणार, पुढे काही निघालं तर कळवणार का, हे तीन प्रश्न मराठीत छापायला एक पान लागतं. कन्नडच्या जागी मराठी असं इथे कुणी म्हणत नाही. दोन्ही असाव्यात, कारण त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर कन्नड पेशंट आहे आणि त्यालाही इंग्रजी येत नाही.

बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. इथल्या मराठी, कन्नड आणि कोकणी घरांत नॉड-२ चे, टीबीच्या वाटेवरच्या इतर जनुकांचे कोणते बदल आहेत, हे इथल्याच नमुन्यांवरून मोजता येईल. त्यासाठी लागतील ते नमुने रोज निघतातही. फक्त त्यांतले निम्मे चुकीच्या बाटलीत जातात, आणि ती दुसरी बाटली कोलोनोस्कोपीच्या ट्रेवर आधीच भरून ठेवायला कुठल्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही.